काढून ठेवलेले स्तन्य ‘शिळे’ नव्हे

माझे चिकित्सालय पावणे गावाच्या कडेला आहे. एका अंगाला जुने गावठाण आणि दुसऱ्या अंगाला ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचे औद्योगिक क्षेत्र. येथे येणाऱ्या स्त्रियांपैकी बऱ्याच जणी जवळच्या कारखान्यांत वेष्टन, छपाई वा निवडणीच्या कामावर जातात. गेल्या उन्हाळ्यात अशीच एक माता आपल्या साडेचार महिन्यांच्या बाळाला घेऊन आली. सोबत तिच्या सासूबाई होत्या. कुटुंब मूळचे साताऱ्याकडील, पती वाशीच्या बाजार समितीत माथाडी. तक्रार बाळाच्या प्रकृतीविषयी नव्हती, आईच्या दुधाविषयी होती.

सून पहाटे कामावर निघण्यापूर्वी हाताने दूध काढून स्टीलच्या डबीत ठेवून जाई. डबी ओट्यावरच राही. दुपारी सासूबाई ते दूध गॅसवर उकळून, निववून, चमच्याने बाळाला पाजत. “दुधात काही दमच नाही बघा, डॉक्टर,” त्या म्हणाल्या. “चांगली उकळी आणली तरी साय धरत नाही. नुसतं निळसर पाणी दिसतंय.” आता पावडरचा डबा आणावा की गाईचे दूध सुरू करावे, एवढेच त्यांना विचारायचे होते. सून खाली मान घालून बसली होती. आपले दूध निकृष्ट आहे, हे तिने बहुधा मान्य केले होते.

या प्रसंगावर लिहावेसे वाटले त्याचे कारण सासूबाईंचे अज्ञान नव्हे. त्यांनी जे केले ते प्रत्येक मराठी घरात प्रत्येक दुधाचे केले जाते. कारण निराळे आहे. साधारण पंधरा वर्षांपूर्वी अशीच एक कामकरी माता माझ्याकडे आली होती. काढलेले दूध घरी कसे ठेवावे, असे तिने विचारले. मी तिला उत्तर दिले की, काढून ठेवलेले दूध पर्युषित होय, ते बाळाला देऊ नये, टाकून द्यावे. शास्त्रवचन सांगितल्याचे समाधान मला मिळाले. तिने घरी जाऊन बाटली आणि पावडर आणली. महिन्याभरात ते मूल अतिसाराने दवाखान्यात दाखल झाले. त्या आजाराचा दोष सर्वस्वी माझ्या सल्ल्याकडे जातो असे मी म्हणणार नाही. मात्र ज्या सल्ल्यामुळे त्या घरात बाटली आली, तो सल्ला माझा होता आणि त्याला शास्त्राचा आधार नव्हता, हे मला नंतर संहिता पुन्हा उघडल्यावर कळून आले. आपल्या व्यवसायबंधूंपैकी अनेक जण आजही हाच सल्ला देतात, म्हणून हे निवेदन.

संहिता काय सांगतात?

प्रथम उकळण्याचा प्रश्न घेऊ. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील पंचेचाळिसावा अध्याय द्रवद्रव्यांचा आहे. तेथे दुधाचा विचार करताना आचार्य सांगतात की, कच्चे दूध बहुधा गुरू आणि अभिष्यंदी असते, तर उकळलेले दूध अधिक लघू आणि अनभिष्यंदी होते. आपल्या घरातील दूध तापवण्याच्या रूढीला याहून स्पष्ट आधार नको. परंतु त्याला जोडूनच आचार्यांनी एक अपवाद सांगितला आहे. स्त्रीच्या स्तन्याला हा नियम लागू नाही; ते आम, म्हणजे अग्निसंस्काररहित असतानाच हितकर होय. नियम आपण सर्वांनी पाठ केला, अपवाद मात्र विसरलो.

आधुनिक शास्त्र निराळ्या वाटेने याच ठिकाणी येऊन पोचते. आईच्या दुधात बाळाचे रोगांपासून रक्षण करणारी प्रतिपिंडे असतात, लॅक्टोफेरिनसारखी जंतुरोधक प्रथिने असतात आणि स्नेहाच्या पचनास साहाय्य करणारे लायपेज हे विकरही असते. तीव्र उष्णतेने यांचा नाश होतो. म्हणजे ज्या गुणांसाठी आपण स्तन्याला अमृताची उपमा देतो, तेच गुण गॅसवर प्रथम नष्ट होतात.

दुसरा आक्षेप असा की, स्तनातून बाहेर काढलेले दूध दूषितच मानावे. यालाही संहितांत आधार मिळत नाही. स्तन्यपरीक्षा आपण विद्यार्थिदशेत शिकलो. ती करण्यासाठी दूध पाण्याच्या पात्रात काढावेच लागते. स्तनपानापूर्वी थोडे दूध पिळून सोडावे, अन्यथा दुधाने ताठरलेला स्तन चोखताना बाळास कास, श्वास, छर्दी होऊ शकते, असे सुश्रुतांनी शारीरस्थानात सांगितले आहे. चरकांनी मानुष पयाचे गुण सांगताना रक्तपित्तात नस्यासाठी आणि अक्षिशूलात तर्पणासाठी त्याचा उपयोग सांगितला आहे. जे द्रव्य काढून औषध म्हणून वापरता येते, ते केवळ काढले म्हणून त्याज्य कसे ठरेल?

आता सासूबाईंची तक्रार. दूध पातळ आहे, निळसर आहे, साय धरत नाही. शुद्ध स्तन्याची सुश्रुतोक्त लक्षणे आठवावीत: शीतल, निर्मळ, तनू, शंखासारखी आभा असलेले आणि पाण्यात सहज एकरूप होणारे. ‘तनू’ म्हणजे पातळ. ज्याला सासूबाई दोष म्हणत होत्या, ते शास्त्राने शुद्धीचे लक्षण सांगितले आहे. म्हशीच्या दुधाच्या कसोटीवर आईचे दूध घासून पाहण्याची चूक आपल्या घरोघरी होते आणि त्या कसोटीत आई दरवेळी नापास ठरते. मी त्या सासूबाईंना हेच सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग सुनेकडे पाहून म्हणाल्या, “मग मी इतके दिवस उकळत का बसले?” त्यांच्या या प्रश्नाचे उत्तर आपण वैद्यांनीच द्यावयास हवे.

उरतो पर्युषिताचा मुद्दा. हा मुद्दा खोटा नाही आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. काळ लोटला की अन्नाचे गंध, रस आणि गुण पालटतात, हा त्या नियमाचा गाभा होय. परंतु हा पालट किती वेळात होतो हे द्रव्य, पात्र, देश आणि शीतोष्ण यांवर अवलंबून असते. चरकांनी विमानस्थानात आहारविधीची आठ विशेषायतने सांगितली, त्यांतील ‘करण’ या सदरात जल, अग्नी, शौच, काल, भाजन यांच्या योगे द्रव्याच्या गुणांत होणारा फरक स्पष्ट केला आहे. शीतकपाटाचा उल्लेख संहितांत नाही आणि तो तेथे आहे असा आव आणण्याचेही कारण नाही. मात्र ४ अंश सेल्सिअसला झाकून ठेवलेले दूध आणि मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली ओट्यावर ठेवलेले दूध यांना एकच शब्द लावणे, हे करणाचा विचार न करण्यासारखे आहे. पहिले जपलेले आहे, दुसरे खरोखरच शिळे होऊ लागलेले आहे.

दुग्धपेढीचे उदाहरण आणि एक शंका

काढलेले स्तन्य जपून ठेवून बालकांना देण्याचे काम आपल्या मुंबईत नवे नाही. शीव येथील लोकमान्य टिळक महानगरपालिका रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने २७ नोव्हेंबर १९८९ रोजी मातृदुग्धपेढी सुरू झाली. आशियातील ही पहिली मातृदुग्धपेढी मानली जाते. ज्या अपुऱ्या दिवसांच्या, कमी वजनाच्या अर्भकांना स्वतःच्या आईचे दूध तूर्त मिळू शकत नाही, त्यांना इतर मातांनी दिलेले दूध तेथे पाजले जाते. २०१७ मध्ये केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने अशा स्तनपान व्यवस्थापन केंद्रांसाठी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वेही प्रसिद्ध केली.

येथे चिकित्सक वाचक विचारील की, दुग्धपेढीत दूध तापवतातच ना? मग घरी तापवले तर काय बिघडले? शंका रास्त आहे. पेढीतील दूध ६२.५ अंशांना ३० मिनिटे ठेवून, त्वरित थंड करून नंतर गोठवले जाते. हे उकळणे नव्हे. शिवाय हा संस्कार करतात त्याचे कारण ते दूध दुसऱ्या स्त्रीचे असते आणि त्यातून एखादा संसर्ग परक्या बालकाकडे जाऊ नये, ही जबाबदारी पेढीवर असते. त्या बदल्यात दुधातील काही संरक्षक गुण कमी होतात, हे पेढीही जाणून असते. स्वतःच्या निरोगी आईचे दूध स्वतःच्या बाळाला देताना ही देवघेव करण्याचे कारणच नाही. उलट शेजारणीचे दूध तपासणीविना, प्रक्रियेविना बाळाला पाजणे धोक्याचे आहे, हे आपण तितक्याच स्पष्टपणे सांगावे. मानवी दूध ही विक्रीची वस्तू नव्हे, हेही अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२४ मध्ये पुन्हा बजावले आहे.

घरी काय करावे?

कामावर जाणाऱ्या मातेला पुढील गोष्टी सांगाव्यात. मी आता त्या कागदावर लिहूनच देतो.

*शौच.* दूध काढण्यापूर्वी हात साबणाने कोपरापासून धुवावेत. डबी, झाकण, चमचा धुऊन उकळत्या पाण्यातून काढावे आणि झाकून निथळू द्यावे. उकळायचे ते भांडे, दूध नव्हे, एवढे वाक्य लक्षात राहिले तरी अर्धे काम होते. यंत्र असेल तर वापरावे. नसेल तर हाताने काढलेले दूध कोणत्याही दृष्टीने कमी नाही. यंत्राचे जे भाग दुधाला लागतात ते प्रत्येक वेळी धुतले पाहिजेत.

*भाजन.* घट्ट झाकणाची स्टीलची किंवा काचेची डबी उत्तम. तांब्या-पितळेचे भांडे वापरू नये. प्लॅस्टिक वापरायचे तर अन्नासाठी बनवलेलेच असावे. गोठवायचे असल्यास वर थोडी जागा मोकळी ठेवावी, कारण गोठताना दूध फुगते.

*राशी.* एका डबीत एका वेळेपुरतेच, म्हणजे सुमारे ६० ते ९० मिलिलिटर दूध ठेवावे. मोठ्या डब्यातून थोडे थोडे काढून उरलेले परत ठेवण्याने सर्वच दूध बिघडते. डबीवर तारीख आणि वेळ लिहावी. आधी काढलेले आधी वापरावे. ताजे कोमट दूध थंड दुधात थेट ओतू नये, ते आधी निराळे थंड करावे.

*काल.* ताजे काढलेले दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ४ तास चांगले राहते. शीतकपाटात ४ अंशांना ४ दिवस. स्वतंत्र दाराच्या शीतपेटीत, उणे १८ अंश किंवा त्याखाली, ६ महिन्यांपर्यंत उत्तम. एका दाराच्या शीतकपाटातील बर्फाच्या कप्प्यावर मात्र महिनोन्महिन्यांचा भरवसा ठेवू नये. गोठवलेले दूध वितळवल्यावर शीतकपाटात २४ तासांच्या आत संपवावे आणि पुन्हा गोठवू नये. बाळाने एकदा त्यातून पिण्यास सुरुवात केली की उरलेले दूध २ तासांत वापरावे, नाही तर टाकावे.

*देश.* वरील ४ तास हे पावण्याच्या मे महिन्याला लागू नाहीत. येथे दुपारी खोलीचे तापमान ३० अंशांपलीकडे सहज जाते. म्हणून उन्हाळ्यात आणि दमट दिवसांत दूध काढल्याबरोबर थंड जागी ठेवणे, हाच नियम. ओट्यावर राहिलेले दूध उकळून निर्धोक होते, हा समज सोडावा. बिघडू लागलेल्या दुधावर उकळणे हा उपाय नव्हे. ते मुळात बिघडू न देणे हा उपाय होय. माठालाही शीतकपाट समजू नये. माठ पाणी गार करतो तो बाष्पीभवनाने, आणि खाडीकाठच्या दमट हवेत त्याचे तेही काम नीट होत नाही. ज्या घरी शीतकपाट नाही, त्या घरी रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये बर्फाचे खडे घालून त्यात घट्ट झाकणाची डबी ठेवता येते. बर्फ शिल्लक आहे तोवरच त्याचा भरवसा धरावा. शीतकपाटात डबी दारात ठेवू नये, आतल्या बाजूस ठेवावी; दार वारंवार उघडते आणि तेथील तापमान सतत बदलते.

ठेवलेल्या दुधावर स्नेहाचा थर जमतो. तो पाहून दूध फाटले असे समजून ते ओतून दिल्याचे मी पाहिले आहे. स्तन्यपरीक्षा जाणणाऱ्या एखाद्या वैद्यालाही तरंगणारा थर पाहून शंका येईल. पण ती परीक्षा ताज्या दुधाची आहे. डबी हलक्या हाताने गोल फिरवली की थर मिसळून जातो. कधी कधी साठवलेल्या दुधाला साबणासारखा वास येतो. तो बहुधा लायपेजच्या कार्यामुळे येतो आणि बाळ पीत असेल तर त्यात अपाय नाही. आंबूस, नासका वास मात्र निराळा. तसे दूध टाकावेच.

कोमट करण्याची रीत

काढलेले दूध कोमट केलेच पाहिजे असे नाही. खोलीच्या उष्णतेवर आणलेले दूधही बाळ पिते. तथापि आपल्या घरांत थंड दूध तान्ह्या बाळाला देण्यास मन धजत नाही आणि त्या भावनेचा आदर करावा. कोमट कसे करावे, हे वैद्याला नव्याने शिकण्याची गरज नाही. नस्यासाठी अणुतेल किंवा नेत्रतर्पणासाठी घृत आपण थेट आचेवर ठेवतो काय? गरम पाण्याच्या पात्रात वाटी ठेवूनच ते कोमट करतो. अष्टांगहृदयानेही या दोन्ही कर्मांत उष्ण जलाचाच मार्ग सांगितला आहे. तीच वाटी, तेच पाणी. फक्त वाटीत तेलाऐवजी आईचे दूध आहे.

पातेल्यात कोमट पाणी घ्यावे, ४० अंशांच्या वर नको. मनगट त्यात सुखाने राहिले पाहिजे. गॅस बंद करून पातेले खाली उतरवावे आणि मगच डबी त्यात ठेवावी. पाणी झाकणापर्यंत येऊ देऊ नये. पाचसात मिनिटांनी डबी काढून, पुसून, हलकेच फिरवावी. मनगटाच्या आतील बाजूस दोन थेंब टाकून पाहावे. ते गरमही वाटू नयेत, थंडही वाटू नयेत. गोठवलेले दूध आदल्या रात्री शीतकपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवून वितळू द्यावे. मायक्रोवेव्हमध्ये दूध कधीही ठेवू नये. तेथे दूध सर्वत्र सारखे तापत नाही. डबी हाताला कोमट लागते आणि मधला घोट बाळाचे तोंड भाजतो.

एकदा कोमट केलेले दूध पुन्हा थंड करून पुन्हा तापवू नये. आजची मार्गदर्शक तत्त्वे हे सांगतात. आणि पुन्हा तापवलेले भोजन टाळावे, असे अष्टांगहृदयाच्या मात्राशितीय अध्यायात वाग्भटांनीही सांगितले आहे. सासूबाईंना हे दुसरे कारण अधिक पटते, असा माझा अनुभव आहे.

पाजण्यासाठी बाटली नको. वाटी-चमचा किंवा आपल्याकडचे जुने बोंडले पुरेसे आहे. बोंडल्याला सांदीकोपरे नसतात, ते धुऊन उकळता येते, आणि बाटलीच्या बोंडाची सवय लागून बाळ स्तन सोडण्याचे भयही राहत नाही.

मर्यादा

काढून ठेवलेले दूध प्रत्यक्ष स्तनपानाच्या बरोबरीचे आहे, असा माझा दावा नाही. थंडीत ठेवल्याने त्यातील काही जिवंत पेशी आणि क जीवनसत्त्व यांत घट होते. बाळाला मिळणारा आईचा स्पर्श डबीत ठेवता येत नाही. सुश्रुतांनी निदानस्थानात स्तन्यप्रवृत्तीचे कारण सांगताना अपत्याचा स्पर्श, दर्शन आणि नुसते स्मरण यांचा उल्लेख केला आहे आणि अखंड स्नेह हाच त्या स्रावाचा हेतू म्हटला आहे. त्यामुळे आई घरी असताना रात्री, पहाटे, सुटीच्या दिवशी बाळाने स्तनपानच करावे. कारखान्यात दूध काढणाऱ्या मातेला दूध सुटत नसेल तर तिने बाळाचा फोटो पाहावा, घरी दूरध्वनी करून त्याचा आवाज ऐकावा, असे मी सांगतो. तेही सुश्रुतांच्याच म्हणण्याला धरून आहे.

परंतु तुलना कशाशी करायची, हे ठरवले पाहिजे. कामावर गेलेल्या आईच्या बाळापुढे दुपारी ‘प्रत्यक्ष स्तनपान की काढलेले दूध’ असा पर्याय नसतो. तेथे ‘आईचे काढलेले दूध की पावडर’ असा पर्याय असतो. आईचे दूध नसेल तर गाईचे वा शेळीचे दूध द्यावे, असे संहितेने सांगितले ते स्तन्याच्या अभावात. आमच्या या मातांना स्तन्याचा अभाव नाही. दुपारी दोन वाजता त्यांचे स्तन भरून येतात, अंगावरची साडी भिजते, आणि त्या प्रसाधनगृहात जाऊन ते दूध मोरीत पिळतात. अभाव आहे तो डबीचा, थंड जागेचा आणि आडोशाचा. आणि जे दूध पिळलेही जात नाही, ते साचून स्तनशोथ होतो, पुढे विद्रधी होतो, आणि हळूहळू दूध खरोखरच आटते. मग आपण शतावरी लिहून देतो.

अपुऱ्या दिवसांचे वा आजारी बालक, दीर्घकालीन औषधे घेणारी माता, आईला असलेला एखादा संसर्ग, अशा प्रसंगी वरील कालमर्यादा जशाच्या तशा लावू नयेत. बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. हे सांगण्यात वैद्याला कमीपणा नाही.

पावण्यातील स्थिती

१९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर आणि दिवसातून चार वेळा बाळाला भेटण्याची मुभा आली. बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत रोजच्या विश्रांतीखेरीज स्तनपानासाठी दोन वेळा सवड देण्याची तरतूद तर जुनीच आहे. या सर्व तरतुदी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये समाविष्ट झाल्या आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली.

कागदावर हे पुष्कळ आहे. पण माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जणी लहान कारखान्यांत आणि कंत्राटदारामार्फत काम करतात. रजा किती आणि कुणाकडे मागायची, हे त्यांना ठाऊक नसते. तीनचार महिन्यांतच त्या कामावर परत येतात. दोन वेळांची सवड मिळाली तरी बाळ कोपरखैरणे किंवा दिघ्याच्या खोलीत असते; तेवढ्या वेळात जाऊन येणे अशक्य. ही सवड दूध काढण्यासाठी वापरता येईल, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते, आणि सांगितले तरी बसायला जागा नसते. आपल्या राज्यात एस.टी. स्थानकांवर हिरकणी कक्ष झाले, ही चांगली गोष्ट झाली. परंतु तो कक्ष बाळ कडेवर असलेल्या मातेसाठी आहे. जिचे बाळ घरी आणि ती कामावर, तिच्यासाठी कक्ष कोठे आहे? मूळ कथेतील हिरकणीची अडचण नेमकी हीच होती: बाळ खाली घरी, आई गडावर आणि दरवाजा बंद. तिने कडा उतरला म्हणून आपण बुरूज दाखवतो. रोज कडा उतरावा लागू नये, अशी व्यवस्था करणे हे आपले काम आहे.

याच पट्ट्यात, तुर्भ्याकडे, सफरचंदे आणि मासळी महिनोन्महिने टिकवणारी शीतगृहे उभी आहेत. ज्या वसाहतीला फळे थंड ठेवण्याची कला अवगत आहे, तिला मातेच्या दुधाच्या चार डब्यांसाठी एक कप्पा जड नाही.

संघटनेपुढे निवेदन

यास्तव सदस्यांपुढे आणि कार्यकारिणीपुढे चार सूचना नम्रपणे ठेवतो.

पहिली, काढून ठेवलेल्या स्तन्याला सरसकट ‘पर्युषित’ म्हणणे आपण थांबवावे. रुग्णाशी बोलताना ‘शिळे’ हा शब्द वापरूच नये. त्या एका शब्दाने आई दूध टाकते.

दुसरी, गर्भिणी सातव्या महिन्यात तपासणीस आली की तिला दोन प्रश्न विचारावेत: कामावर परत केव्हा जाणार आणि बाळ कुणाजवळ राहणार? ज्याच्याजवळ राहणार त्या व्यक्तीलाही, बहुधा सासूबाईंना किंवा आईला, बोलावून दूध ठेवण्याची आणि कोमट करण्याची रीत प्रत्यक्ष दाखवावी. नस्याची वाटी आपल्या टेबलावर असतेच.

तिसरी, वरील कालमर्यादांचा एक साधा मराठी-हिंदी तक्ता संघटनेने छापून प्रत्येक सदस्याच्या चिकित्सालयात लावण्यास द्यावा. त्यावर कोणत्याही औषधाची वा कंपनीची जाहिरात नसावी.

चौथी, येत्या ऑगस्टच्या १ ते ७ तारखेच्या जागतिक स्तनपान सप्ताहापूर्वी संघटनेच्या शिष्टमंडळाने ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशनची भेट घ्यावी. ज्या लहान कारखान्यांना एकट्याने शक्य नाही, त्यांनी चारसहा मिळून एक खोली द्यावी: आडोसा, खुर्ची, हात धुण्यास पाणी आणि एक लहान शीतकपाट. इतकेच मागावे, अधिक मागण्याची गरज नाही.

त्या सासूबाई मागील महिन्यात पुन्हा आल्या होत्या, स्वतःच्या गुडघेदुखीसाठी. बाळ आता वरणभात खाते, असे त्यांनी सांगितले. दुधाचे विचारले तेव्हा म्हणाल्या, “अजून ठेवून जाते ती. मी पाण्यातच कोमट करते.” शेजारच्या खोलीतील एका नव्या आईलाही त्यांनी ही रीत दाखवली आहे. पंधरा वर्षांपूर्वी माझ्याकडून जे व्हायला हवे होते, ते काम आज त्या करीत आहेत. आपण सर्वांनी ते करावे, एवढीच विनंती.

इत्यलम्.